बांधणाऱ्याने कसला मेंटेनन्स भरायचा!

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

आजपासून रोज लिहिणार. तंबाखू आजपासून बंद. उद्यापासून पहाटे उठून बीचवर चालणे. आणि मार्चच्या आत उरलेले पाच फ्लॅट विकून मोकळा. मग मैनाला घेऊन काश्मीर.

डंपरच्या धंद्यातला दिनानाथ घरत बिल्डर होईल, असं नागावात कुणाला वाटलं होतं? वडिलांच्या नारळाच्या वाडीत चार मजले उभे केले. बायकोच्या नावाने, ‘मैना पॅराडाइज’. सोळा फ्लॅट. अकरा विकले, सगळे मुंबई-ठाण्याच्या लोकांना. उरले वरच्या मजल्याचे चार आणि ३०४. ते विकले जात नाहीत असं नाही. मी घाई करत नाही. ४०१ मध्ये आम्ही दोघं राहतो.

संध्याकाळी थोडी तंबाखू खाल्ली. सण आहे.

४ नोव्हेंबर

चालायला गेलो नाही. शूज सापडले नाहीत.

दाराखालून पाकीट आलं. असोसिएशनचं. मे महिन्यात मीच या लोकांच्या ताब्यात बिल्डिंग दिली. पेढे वाटले, माइकवर म्हणालो की आजपासून ही वास्तू तुमची. त्याचे असे पांग फेडले. पाचही फ्लॅटचा मेपासूनचा मेंटेनन्स मागितलाय. मला! उद्या कुंभाराकडे मडक्याचं भाडं मागतील.

मैना म्हणाली, आपुन पानी वापरतो, जिन्यातली लाइट वापरतो, सदा वॉचमनला दिवसातून धा हाका मारतो, मंग भरायला काय झालं? तिला धंद्यातलं कळत नाही. मी ४०१ मध्ये राहतो ते देखरेखीसाठी. बाकी चारांत तर पालीशिवाय कोणी राहत नाही. जिथे माणूसच नाही तिथे मेंटेनन्स वापरतं कोण? मुद्दा बिनतोड आहे. वकिलाला सांगणे.

७ नोव्हेंबर, अलिबाग

वकील अल्पेशभाईंकडे गेलो. मुद्दा मांडला. त्यांनी विचारलं, दिनानाथभाई, न विकलेले फ्लॅट कोणाचे? मी म्हटलं, माझे. मग मालकाने भरायचं, म्हणाले, रिकामा असला तरी. मी म्हटलं, पण मी मालक नाही, बिल्डर आहे. ते म्हणाले, मग फ्लॅट कोणाचे?

मी पंखा जरा वाढवायला सांगितला.

उद्या दुरुस्तीसाठी स्पेशल वर्गणी काढली तर तीही फ्लॅटमागे बसेल म्हणाले. शेवटी मी विचारलं, केस चालेल का? म्हणाले, चालेल, खूप वर्षं चालेल, आणि तुम्ही हराल. म्हणजे केस चालण्यासारखी आहे.

फी घेतलीच. अभ्यास कच्चा आहे त्यांचा.

१० नोव्हेंबर, रविवार

खाली पार्किंगमध्ये मीटिंग. लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. पॅनल खाऱ्या हवेने खाल्लं म्हणे. वर टेरेसला भेगा आहेत म्हणे. दोन्हींसाठी स्पेशल वर्गणी, आधी लिफ्टची. सगळे हात वर. सेक्रेटरी हेमाली, २०२ वाली, घरी बसून लॅपटॉपवर कंपनीचं काम करते, माझ्या मुलीच्या वयाची. मला काका म्हणते. दिनानाथशेठ म्हणायला जीभ झडते का? तिने हिशेब वाचला. फ्लॅटमागे एक हिस्सा, म्हणजे काकांचे पाच.

मी उभा राहिलो. स्पष्ट सांगितलं की मी तुमच्या असोसिएशनचा मेंबरच नाही, तुमचा ठराव मला लागू नाही. शिवाय समुद्र मी बांधलेला नाही. खारी हवा हा निसर्गाचा विषय आहे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बोलतीच बंद केली. त्याच जोशात वर निघालो. तिसऱ्या मजल्यावर थोडा थांबलो. प्लास्टर तपासत होतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ग्रेट दिवस. ठाण्याचे राऊळ ४०३ बघायला आले. फॅमिलीसोबत. त्यांच्या आई दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. हेमालीने त्यांना पाणी दिलं. कारण नसताना.

राऊळना सी व्ह्यू दाखवला. गॅलरीत डाव्या कोपऱ्यात उभं राहून मान बाहेर काढली की दोन माडांच्या मधून स्वच्छ दिसतो. खूश झाले. सिलिंगवरचा डाग बघून हे काय विचारलं. टेक्सचर म्हटलं.

मग म्हणाले, असोसिएशनची एनओसी द्या. हेमाली म्हणाली, बाकी भरा, एनओसी घ्या. मी म्हटलं, विकल्यावर भरतो. ती म्हणाली, भरल्यावर विका. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. मग तिनेच मार्ग काढला: राऊळांनी टोकनची रक्कम थेट असोसिएशनला द्यावी, त्यातून माझी बाकी फिटेल. राऊळ तयार झाले. मी साफ नकार दिला. माझं गिऱ्हाईक, माझं टोकन, आणि चेक यांच्या नावाने? स्वाभिमान नावाची चीज असते.

राऊळ म्हणाले, ठरलं की कळवा. माझ्या बाणेदारपणाचा परिणाम झालेला दिसला. जाताना दोनदा मागे वळून बघत होते.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. मैनाला गुडघ्यामुळे उतरता आलं नाही. लिफ्ट बंद पडल्यापासून ती खाली गेलेली नाही. शाळेतल्या लाइनीत मी एकटाच उभा होतो, आणि तिथेच आयडिया सुचली.

असोसिएशनमध्ये जितके फ्लॅट तितकी मतं. माझे पाच. म्हणजे मी एकटाच पाच माणसं! १ डिसेंबरला कमिटीची निवडणूक आहे. चेअरमन व्हायचं आणि ही वर्गणीच रद्द करून टाकायची. मुळावरच घाव.

अडचण एवढीच की मी मेंबर नाही असं मीच भर मीटिंगमध्ये सांगितलंय. त्यात काय. राजकारणात भूमिका बदलते.

२३ नोव्हेंबर

हेमालीला जिन्यात गाठून सांगितलं की मी पाचही फ्लॅटचा मालक आहे, पक्का मेंबर आहे, आणि मत देणार. तिने विचारलं, नक्की ना काका, मालक ना? मी म्हटलं, शंभर टक्के. तिने लगेच मोबाइलवर ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत अकरा अंगठे आले.

घाबरलेत.

१ डिसेंबर, रविवार

विजय! चेअरमनपदी बिनविरोध. माझी पाच मतं लागलीच नाहीत. माझं नाव सुचवलं ते खुद्द हेमालीने. अनुमोदन तिच्या नवऱ्याने, ऋत्विकने. शत्रूने शस्त्रं टाकली म्हणतात ती अशी.

नारळ दिला. मला भाषणाचा आग्रह झाला. मी म्हटलं, आता ही बिल्डिंग शिस्तीत चालेल. कोण कुठला आहे, कोणाची ओळख किती, बघितलं जाणार नाही. या बिल्डिंगमध्ये कोणाचीही एक पैसा बाकी मी खपवून घेणार नाही!

टाळ्या थांबेनात. हेमाली तर उभी राहून वाजवत होती. एवढा प्रतिसाद मला ताबा देतानाच्या भाषणालाही मिळाला नव्हता.

मैनाला वर येऊन सांगितलं. ती म्हणाली, लिफ्ट चालू व्हईल का आता? दत्ताची जत्रा चौदाला हाय. दरवर्षी जत्रेच्या वेळी ती चौलला बहिणीकडे जाते. म्हटलं, चेअरमनची बायको आहेस तू. लिफ्टनेच जाशील.

३ डिसेंबर

पहिला धक्का. वर्गणी रद्द करण्याचा विषय काढला. हेमाली म्हणाली, चेअरमन एकटा ठराव रद्द करू शकत नाही, मीटिंग घ्यावी लागेल, आणि मीटिंगमध्ये बाकीचे अकरा आहेत. अकरातून पाच गेले की सहा. म्हणजे मी सहाच मतांनी मागे आहे. चुरस आहे.

दुसरं असं की थकबाकीच्या नोटिसांवर चेअरमनची सही लागते. किती जण थकलेत विचारलं. एकच, म्हणाली.

पाच नोटिसा होत्या. पाचही मला. ‘आपल्याविरुद्ध कठोर कारवाई करण्यात येईल’ असं वाक्य होतं, खाली माझी सही. ‘कठोर’च्या जागी ‘योग्य’ करू या म्हटलं, तर म्हणाली, परवाच्या भाषणात तुम्हीच शिस्त म्हणालात ना काका.

सह्या केल्या. सदा नोटिसा घेऊन चार मजले चढून आला. मी दार उघडलं. त्याने विचारलं, चेअरमनसायबांनी पाठवल्यात, घरमालक हायत का घरात? मी म्हटलं, मस्करी करतोस काय. तो म्हणाला, न्हाय सायेब, मॅडमनी शिकवलंय तसं बोललो. पोचल्याची सही मीच दिली.

असं फास्ट ॲडमिनिस्ट्रेशन जिल्ह्यात कुठे नसेल.

७ डिसेंबर

लिफ्टवाल्या कंपनीला फोन केला. चेअरमन बोलतोय म्हटलं. माणूस नम्र होता. ॲडव्हान्स आला की चार दिवसांत लिफ्ट चालू. ॲडव्हान्स का दिला नाही म्हणून हेमालीला झापलं. तिने शांतपणे सांगितलं की अकराही जणांनी भरलंय, फक्त एका माणसाच्या पाच हिश्शांसाठी अडलंय.

अशा बेजबाबदार लोकांमुळेच देश मागे आहे, असं तोंडून निघून गेलं.

तंबाखूचं प्रमाण थोडं वाढलंय. जानेवारीपासून बंद.

१० डिसेंबर

विचार करून तीन पर्याय काढले आणि कमिटीपुढे ठेवले. एक, चेअरमनला मानधन द्यावं आणि ते बाकीतून वळतं करावं. दोन, बिल्डिंगला माझ्या बायकोचं नाव आहे, त्याचं भाडं द्यावं. तिसरा आता आठवत नाही, पण तोही चांगला होता. ऋत्विकने दुसऱ्यावर विचारलं की नाव काढून टाकलं तर चालेल का? मी म्हटलं, विषय संपला.

मैना विचारते, लिफ्ट? मी सांगितलं, प्रोसेस चालू आहे. ती म्हणाली, तुमची मोटार इका. पांढरी मोटार! चेअरमन काय रिक्षेने फिरणार? आजकाल ती गॅलरीत बसून असते. खालून मासेवाली ओरडली की दोरीला पिशवी बांधून सोडते. मासेवालीशी तिचं बोलणंही चार मजले ओरडूनच. मी तिला समजावलं की वर हवा किती चांगली आहे. तिने पापलेटचं कालवण केलं पण मला शेपटीचा तुकडा वाढला.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

सकाळी मैना लुगडं नेसून, पिशवी भरून दारात बसली. म्हणाली, जत्रेला जानार. लिफ्ट नाही म्हटलं तर म्हणाली, मला ठावं हाय.

तिनेच हेमालीला फोन केला होता. हेमाली, ऋत्विक, सदा आणि १०३ मधला एक जिमवाला मुलगा वर आले. प्लास्टिकची खुर्ची आणली. मैनाला बसवलं, चौघांनी चार बाजूंनी उचललं. मी पुढे राहून सूचना दिल्या. सावकाश, डावीकडे, भिंतीला लागेल, पायरी रुंद आहे घाबरू नका. पायरीची रुंदी मी नियमापेक्षा जास्त ठेवली होती, हेही सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावर मैनाने खुर्ची खाली ठेवायला लावली. चौघं घामाघूम झाली होती. तिने पदराने हेमालीचं कपाळ पुसलं. मग माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाली, माजं नाव दिलाव या बिल्डिंगला, आन् मीच अडकलेय हिच्यात. लिफ्ट चालू झाल्याबगर मी वर यायची न्हाय.

मी हसून सगळ्यांना म्हटलं, गुडघा दुखला की अशी बोलते. चौघांनी खुर्ची पुन्हा उचलली.

रिक्षा चौलच्या रस्त्याला लागेपर्यंत मी गेटवर उभा होतो. मग चार मजले चढलो. आज तिन्ही लँडिंगवर प्लास्टर तपासलं.

१७ डिसेंबर

वरणभात करपला. गॅस जास्त मोठा असतो हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

जत्रा संपेल, ती येईल.

२२ डिसेंबर

जत्रा संपली. फोन केला. बहिणीचं घर तळमजल्याचं आहे, त्यामुळे ती सारखी बाहेरच असते. आज रेवदंड्याच्या बाजारात गेली होती. चालत! बहीणच बोलली. म्हणाली, भावजी, ताईचा गुडघा बरा हाय आता. मी म्हटलं, मग येऊ दे. ती म्हणाली, इचारते, आणि फोन ठेवला.

खाली उतरायचं कमी केलंय. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडून विचारतं, काकी कशा आहेत? चौकशी मैनाची, पण बघतात असं की जणू मीच तिला कुठेतरी सोडून आलोय. दूध, भाजी आता दोरीच्या पिशवीतून घेतो. पद्धत वाईट नाही.

३१ डिसेंबर

काशीदकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग वरून बघितली. सगळ्या गाड्या माणसांनी भरलेल्या. गॅलरीत बसून एकट्याने सोलकढी प्यायलो. नव्या वर्षाचे संकल्प उद्या.

५ जानेवारी २०२५, रविवार

राऊळना मीच फोन केला. सहज. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. बोलता बोलता ४०३ चा विषय निघाला आणि बोलता बोलता मी म्हटलं की टोकन थेट असोसिएशनला दिलंत तरी माझी हरकत नाही. हा माझाच जुना विचार होता, हेमालीने फक्त तो आधी बोलून दाखवला होता.

राऊळ संध्याकाळी आले. ४०३ बघितला, ४०२, ४०४ बघितले. ‘टेक्सचर’ आता तिन्हीकडे वाढलंय. मग पाणी प्यायला आमच्या ४०१ मध्ये बसले. वर बघितलं. डाग नाही. विचारलं, इथे कसं गळत नाही? मी अभिमानाने सांगितलं की स्वतः राहायचं म्हणून या फ्लॅटच्या डोक्यावर डबल वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं.

राऊळ म्हणाले, मग हाच द्या.

६ जानेवारी

रात्रभर विचार केला. ४०१ देणे म्हणजे हार नव्हे. धंदेवाला माणूस घरात भावना गुंतवत नाही. मैनाला फोन केला. ती म्हणाली, इका. एवढंच. किचनच्या फरशा तिने स्वतः पनवेलला जाऊन पसंत केल्या होत्या, त्याबद्दल काही बोलेल असं वाटलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

टोकन असोसिएशनच्या खात्यात. माझी सगळी बाकी, पाचही फ्लॅटची, स्पेशल वर्गणीसकट भरली. हेमालीने पावती दिली. पावतीवरही चेअरमनची सही लागते. केली. तिने तिळगूळ दिला. म्हणाली, काका, राग नाही ना? मी म्हटलं, तुमच्यासारखी वसुली करणारी माणसं मीच तयार केलीत. ती हो म्हणाली.

२४ जानेवारी

लिफ्ट चालू! फीत मी कापली. चेअरमन म्हणून छोटंसं भाषण केलं: लिफ्ट सुरू करणं हे माझं पहिल्या दिवसापासूनचं ध्येय होतं. सदा खोकला.

तीनदा वर-खाली जाऊन आलो. आरामशीर आहे. मैनाला फोन केला. रविवारी येते म्हणाली, दोन तारखेला.

२९ जानेवारी

४०४ मध्ये शिफ्ट झालो. तात्पुरता. ३०४ मध्ये जाता आलं असतं, पण बिल्डर वरच्या मजल्यावरच शोभतो. टेरेसवरची टाकी भरली की बेडरूममध्ये दोन ठिकाणी आणि हॉलमध्ये एका ठिकाणी ठिबकतं. हॉलमधलं फारसं नाही.

राऊळ ४०१ मध्ये आले. पहिल्याच दिवशी चेअरमन म्हणून मला भेटले. वरचा मजला असा गळतो, बिल्डरवर केस का करत नाही, विचारलं. मी म्हटलं, बिल्डर तसा चांगला माणूस आहे. ते म्हणाले, हो, पण केस करा. मीटिंग लावायला लावली.

३१ जानेवारी

तातडीची मीटिंग. ठराव: टेरेसच्या सदोष बांधकामाबद्दल बिल्डरला नोटीस. बारा विरुद्ध चार. तक्रारीवर सही चेअरमनची. शिवाय टेरेसची वर्गणीही मंजूर झाली. माझे आता चारच हिस्से, म्हणजे एकाने कमी. प्रगती आहे.

राजीनामा देऊन बघितला. कोणी घेतला नाही. हेमाली म्हणाली, इतकी पूर्ण वसुली करणारा चेअरमन आम्हाला कुठे मिळणार?

असोसिएशनने वकील नेमला, अल्पेशभाई. त्यांचा मला फोन आला. म्हणाले, दिनानाथभाई, तुमच्या बाजूने पण मीच बघू का, की दुसरा शोधता?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून तयारी. बादल्या लपवल्या, मग परत ठेवल्या, कारण फरशी भिजायला लागली. मासे आणायला स्वतः खाली गेलो. लिफ्टने.

अकरा वाजता मैना आली. अंगाने भरलीय थोडी, उन्हात रापलेली दिसते. घरभर फिरली. सिलिंगकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं, पदर खोचला. कालवण तिनेच केलं. जेवताना म्हणाली, चौलला चला माज्यासंगं. बहिनीच्या मागच्या दोन खोल्या मोकळ्या हायत. इथं काय हाय तुमचं?

मी तिला समजावून सांगितलं. चार फ्लॅट आहेत, ते विकल्याशिवाय हलता येत नाही. टेरेस झाल्याशिवाय ते विकले जात नाहीत. ४०१ चे पैसे बँकेच्या कर्जात गेले, त्यामुळे टेरेसची वर्गणी फ्लॅट विकल्याशिवाय भरता येत नाही. शिवाय उद्या चेअरमन म्हणून मला अलिबागला माझ्याविरुद्ध तक्रार दाखल करायला जायचंय आणि परवा बिल्डर म्हणून त्या तक्रारीचं उत्तर द्यायचंय. अशा वेळी माणूस जागा सोडून जाऊ शकत नाही. तिला बहुतेक पटलं. बराच वेळ माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. हॉलमधलं पाणी आज जरा जास्त ठिबकत होतं.

साडेचारला पिशवी उचलून निघाली. मी गुडघ्याची काळजी घे म्हटलं, पण त्याची गरज नव्हती. लिफ्ट चालू असल्यामुळे तिला जायला काहीच त्रास झाला नाही.